त्रेसष्ट तोंडं आणि एक मुसळ

पैज लागली सोमवारी सकाळी, मक्याची पेज पिताना, आणि लागली ती माझ्या तोंडामुळं. माझं तोंड आणि माझी अक्कल यांची आजवर कधी भेट झालेली नाही, असं माझी बायको अदवोआ म्हणते. ती हे चारचौघांत म्हणते म्हणून मला चालतं. घरात म्हणाली असती तर उत्तर द्यावं लागलं असतं.

मी अंगणातल्या बाकावर वाडगा घेऊन बसलो होतो आणि शेजारी मास्टर टाकी. टाकी सुआमेच्या गॅरेजवस्तीत गाड्यांची वायरिंग करतो. अंगानं पिंप, आणि कान असे की समोरून बघितलं तर दोन्ही दारं उघडी टाकलेली टॅक्सी आठवावी. आमच्या अंगणाभोवती अकरा खोल्या आहेत, मधे एक नळ, एक वीजमीटर आणि एक उखळ. माझी आणि टाकीची खोली समोरासमोर. त्यामुळं गेली सोळा वर्षं एकमेकांची फजिती कधी होते याची वाट बघत आम्ही सुखानं राहतोय.

"काय रे बाडू," टाकी म्हणाला, "काल दिवसभर तुझ्या खोलीतनं शिव्या ऐकू येत होत्या. वहिनींना देत होतास?"

"तिला देऊन मी आज पेज पीत बसलो असतो का? कॉम्प्युटरला देत होतो."

माझा धंदा फ्लेक्सचा. लग्नाचे नाही, पुढाऱ्यांचे नाही, मयताचे. आमच्या कुमासी शहरात माणूस जिवंतपणी कसाही राहू दे, फाटकावर त्याचा फ्लेक्स लागला की पलीकडच्या गल्लीनं मान वर करून बघितलं पाहिजे. मी गेलेल्यांचे दात सरळ केलेत, टकलांवर केस उगवलेत, जन्मात कोट न घातलेल्यांना कोट घातलेत. जिवंत गिऱ्हाइकं कुरकुर करतात. माझ्या गिऱ्हाइकानं आजवर एकदाही तक्रार केलेली नाही. तक्रार करतात ते त्याचे नातेवाईक, आणि यावेळची तक्रार तर कॉम्प्युटरनंच केली होती.

झालं असं की आमच्या आवारातली अब्राफी आजी महिन्यापूर्वी गेली. वय एक्क्याण्णव. पंचेचाळीस वर्षं तिनं आमच्या बांटामा वस्तीला पाव भाजून घातला. येत्या शनिवारी तिची अंत्ययात्रा होती, शुक्रवारी फ्लेक्स लागायला हवा होता आणि त्यासाठी गुरुवारी पाच वाजेपर्यंत छापखान्यात पोचवायला हवा होता. फ्लेक्सवर तिची मुलं, नातवंडं, पतवंडं, सगळ्यांचे फोटो. आणि माझा कॉम्प्युटर एकोणिसाव्या नातवापाशी आला की ठप्प. पडद्यावर पाटी: मेमरी पुरेशी नाही. मी एकोणिसावा नातू बदलून बघितला. त्याचा दोष नव्हता.

"मग कटकट कशाला?" टाकी म्हणाला. "दहाबारा मोठी तोंडं घे आणि खाली लिही, 'आणि इतर'. सगळे तेच करतात."

इथंच तर घोडं अडलं होतं. दोन वर्षांपूर्वी आजीनं मला हाक मारून समोर बसवलं होतं. म्हणाली, "बाडू, माझा नवरा गेला तेव्हा त्याच्या फ्लेक्सवर थोरल्या बायकोचा फोटो होता, तिच्या भावांचे होते, त्याच्या ड्रायव्हरचाही होता. मी धाकटी. मी कुठं होते माहितेय? 'आणि इतर' मध्ये. तीस वर्षं त्याला जेवू घातलं आणि शेवटी मी 'इतर'. माझ्या फ्लेक्सवर ते दोन शब्द दिसले तर मी तुझ्या स्वप्नात येईन, आणि गप्प बसायला येणार नाही." मग तिनं वहीत एकेक नाव सांगून लिहून घेतलं. माझा हात दुखला, पण तिची यादी संपेना. शेवटचं नाव सांगताना ती जरा थांबली, हसली, आणि म्हणाली, हे कुणाला दाखवू नकोस. मी दाखवलं नाही. तुम्हालाही आत्ता दाखवणार नाही.

मी म्हणालो, "त्रेसष्ट तोंडं लागणार. एकही कमी नाही."

टाकीनं बोटांवर मोजलं. "मुलं आठ, नातवंडं एक्केचाळीस, पतवंडं तेरा. बासष्ट होतात. तुला मोजताही येत नाही, आणि तू कॉम्प्युटर चालवतोस."

"मोजणारा मी आहे. त्रेसष्ट."

"तुझा तो डबा त्रेसष्ट तोंडं उचलणार? अरे, त्याला सुरू करताना मी हात जोडलेले बघितलेत तुला."

"मेमरी वाढवणार आहे. स्वतःच्या हातानं."

हे वाक्य मी बोललो तेव्हा मेमरी नेमकी डब्यात कुठं बसते ते मला ठाऊक नव्हतं. पण वाक्य भारी झालं होतं. टाकी इतका हसला की पेज नाकात गेली. मग पैज लागली. फ्लेक्सवर त्रेसष्ट तोंडं आली आणि 'आणि इतर' नसलं, तर टाकी हरला. एक जरी कमी पडलं तर मी हरलो. हरणाऱ्यानं, फाटकावर फ्लेक्स चढला की लगेच, बायकोचं फडकं डोक्याला बांधून अंगणाच्या मधोमध अकराही खोल्यांचं फुफू, म्हणजे उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचा आणि कच्च्या केळ्यांचा चिकट गोळा, उखळात एकट्यानं कांडायचं. माझी कंबर कशी आहे ते अकराही खोल्यांना ठाऊक आहे. अदवोआ आतून म्हणाली, "कांडायला हे उभे राहिले तर गोळा उलटायला मी बसणार नाही. मला बोटं लागतात."

बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि पहिला अडथळा दुपारच्या आत दारात उभा राहिला. त्याचं नाव एल्डर ग्याम्फी. हे चर्चमधले वडीलधारे आणि आवाराच्या मीटरचे स्वयंघोषित रखवालदार. मीटर सगळ्यांचा एकच, त्यामुळं कुणी नवा बल्ब लावला तरी एल्डरना कळवावं लागतं.

"बाडू, तू यंत्राची शक्ती वाढवतोयस असं कानावर आलं."

"शक्ती नाही एल्डर, मेमरी. आठवण."

"आठवण वाढली की डोकं जास्त चालणार. डोकं जास्त चाललं की वीज जास्त ओढणार. अर्ज दे. तीन खोल्यांच्या सह्या हव्यात."

मी समजावलं की मेमरीची पट्टी पंख्याच्या पात्याएवढीही वीज खात नाही. एल्डर म्हणाले, हे अर्जात लिही. मी अर्ज लिहिला. पहिली सही अदवोआनं केली. दुसरी तिच्याकडून भांडी उसनी नेणाऱ्या बाईंनी. तिसरी करायला कुणी मिळेना, कारण बाकीच्यांना मला मुसळ घेऊन बघायचं होतं. शेवटी टाकीनंच केली. "करतो," म्हणाला. "तू अर्जावरच हरलास तर मजा काय?" एल्डरनी अर्ज वाचला, घडी केली, खिशात घातला आणि एक अट घातली: यंत्रात काही घालण्याआधी त्यावर प्रार्थना व्हायला हवी. मी म्हटलं, करा की. प्रार्थनेला कुठं वीज लागते. या 'करा की'नं मला पुढं काय दिवस दाखवले ते येतंच आहे.

मंगळवारी मी अडुमच्या बाजारात गेलो. एरवी मंगळवारी टाकीकडनं बाजारापर्यंत फुकट सोडून घेता यायचं, कारण दर मंगळवारी तो कुठल्यातरी गिऱ्हाइकाची दुरुस्त झालेली गाडी 'ट्रायल'ला बाहेर काढायचा. पण गेला महिनाभर त्याची ट्रायल बंद होती. मी गर्दीच्या गाडीत बसून गेलो.

बाजारात पहिल्याच टपरीवाल्यानं मला गिऱ्हाईक नाही, देवानं धाडलेला पाहुणा समजून बसवलं. म्हणाला, "नवं घेऊ नका साहेब, नव्याचा भरवसा नाही. हे बघा, जर्मनीत घरात वापरलेलं." आमच्याकडं परदेशात घरात वापरलेली वस्तू म्हणजे कोऱ्यापेक्षा खात्रीची. मी फ्रिज तसा घेतलाय, इस्त्री तशी घेतलीय, अदवोआच्या आईनं तर गादीही तशी घेतलीय. मी पट्टी घेतली, रुमालात गुंडाळली आणि घरी येऊन अख्ख्या आवारासमोर डबा उघडला.

आत बारा वर्षांची धूळ, तीन मेलेली झुरळं आणि माझं हरवलेलं नेलकटर. मेमरीची खाच होती माझ्या वीतभर, आणि आणलेली पट्टी तिच्या निम्मी. ती लॅपटॉपची होती. मी ती डावीकडं सरकवली, उजवीकडं सरकवली. पट्टी खाचेत फिरत होती, मोठ्या माणसाचा कोट घातल्यासारखी.

पहिल्या खोलीतली बाई म्हणाली, "अशा दोन घाला ना शेजारीशेजारी." कुणीतरी म्हणालं, कागद कोंबा. टाकी नुसता गालात हसला. तो बोलत नाही तेव्हा जास्त लागतं.

टपरीवाल्यानं पट्टी परत घेतली नाही, पण दया येऊन बदलून दिली. दुसरी पट्टी लांबीला बरोबर. दाबली, तर बसेना. तिच्या दातांमधली खाच एकीकडं आणि कॉम्प्युटरमधला उंचवटा दुसरीकडं, बोटभर फरकानं. आता मात्र टाकीला राहवेना. त्यानं गॅरेजमधून कानस आणली.

"सरक. दोन मिनिटांचं काम आहे."

"काय करतोस?"

"नवीन खाच पाडतो. अरे, मी ओपेलच्या पोटात टोयोटाचं इंजिन बसवलंय. बसत नाही असं जगात काही नसतं. घासायची तयारी लागते."

हे तो चेष्टेनं बोलत नव्हता. सुआमेमध्ये सगळे असंच बोलतात आणि अर्ध्या कुमासीच्या गाड्या त्या बोलण्यावरच धावतात. मी पट्टी हिसकावली. त्यानं कानस सोडली नाही. आम्ही दोघं पन्नाशीचे बाप्ये एका हिरव्या पट्टीसाठी उखळाभोवती दोन फेऱ्या धावलो. शेवटी अदवोआनं ती पट्टी माझ्या हातून काढून कमरेला खोचली. तिथून ती काढायची दोघांचीही टाप नव्हती.

"हे बघ," टाकी धापा टाकत म्हणाला, "तुझ्या भल्याचं सांगतो. शेवटची दोनचार तोंडं काढून टाक. शेवटचा कोण बघतो?"

"शेवटचा काढू म्हणतोस?"

"काढ की. त्याला स्वतःलासुद्धा कळायचं नाही."

"बघ हां, तू म्हणालास," मी म्हणालो, आणि तोंड फिरवलं. मला हसू दाबता येत नाही ही माझी जुनी अडचण आहे.

बुधवारी सकाळी मी शहाणा झालो. म्हणजे अदवोआनं केला. "जुनी पट्टी काढून बरोबर न्या," ती म्हणाली. "मी ब्लाउजच्या कापडाला जाताना तुकडा नेते की नाही?" बाजारात यावेळी मी टपरी टाळली आणि पोकुवा नावाच्या बाईंच्या दुकानात गेलो. या बाई स्टुलावर बसून शेंगदाणे खात कॉम्प्युटर उघडतात आणि बंद करतात, नजर रस्त्यावर. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"काका, चप्पल घ्यायला जाताना तुम्ही पाय घरी ठेवता का?"

मी जुनी पट्टी पुढं केली. त्यांनी अक्षरं वाचली, बारीक डोळे करून माझ्याकडं बघितलं, आणि त्याच जातीच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या काढल्या. "जोडी घ्या. दोन्ही एका कंपनीच्या, एका वेगाच्या, म्हणजे कॉम्प्युटर दोन्ही पायांनी पळेल. जुनी यात मिसळू नका, तिच्या चालीनं बाकीच्या चालायला लागतील. बसवताना आधी डब्याच्या पत्र्याला हात लावा, अंगातली वीज उतरते. आणि सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. काय?"

"बोट लावायचं नाही."

"परत म्हणा."

मी परत म्हटलं. पन्नाशीत मला कुणी इतकं प्रेमानं शिकवलं नव्हतं.

घरी आलो तर एल्डर अर्ज हातात घेऊन वाट बघत होते. मी पत्र्याला हात लावला. ते एल्डरना आवडलं, त्यांना वाटलं माझी प्रार्थना सुरू झाली. पट्ट्या पांढऱ्या फडक्यावर मांडल्या. एल्डरनी डोळे मिटायला सांगितलं. आता या आवारात प्रार्थनेच्या वेळी एक डोळा उघडा ठेवणारा माणूस म्हणजे मी. शेंगदाणे कोण उचलतंय ते मला ठाऊक असतं. पण त्या दिवशी मी मनापासून दोन्ही डोळे मिटले. माझ्या आयुष्यात भक्ती मला नेहमी महागात पडलीय. प्रार्थना लांबली. आजीचं नाव आलं, वीजमंडळाचं आलं, माझ्या आळसाचंही आलं. आमेन झाल्यावर मी डोळे उघडले, पट्ट्या कडेनं धरल्या, खटक्खटक् आवाज करत दोन्ही बसवल्या. पहिल्यांदाच काहीतरी बसलं होतं. मी बटण दाबलं.

पींऽऽ. पींऽऽ. पींऽऽ.

पडदा काळा. मी बंद केला, चालू केला. पींऽऽ. पींऽऽ. पींऽऽ. अदवोआ म्हणाली, "हे तर भुकेलं बकरू बोलतंय." पट्ट्यांची अदलाबदल केली. बकरू बोलतच राहिलं. जुनी पट्टी परत घातली तरी बकरू तेच बोललं; तीही प्रार्थनेच्या वेळी त्याच फडक्यावर होती. आता माझ्याकडं एकोणिसाव्या नातवापर्यंत पोचणारा कॉम्प्युटरही उरला नव्हता.

टाकीनं बाहेर नळाखाली मुसळ धुवायला घेतलं. घासून घासून धुतलं, उन्हात ठेवलं. अधूनमधून माझ्या दाराकडं बघून ते फिरवत होता, सगळ्या बाजूंनी वाळावं म्हणून.

गुरुवारी दहा वाजता क्वार्टेंग मामा आले. हे अब्राफी आजीचे भाऊ आणि घराण्याचे प्रमुख. आमच्याकडं मयताच्या कामात आईकडच्या मामाचा शब्द शेवटचा असतो. काळं कापड खांद्यावर, हातात काठी, काखेत जिनची बाटली. त्यांनी काळा पडदा बघितला आणि खुर्चीत बसले.

"नाही व्हायचं का रे?"

"नाही होत मामा."

"छापखान्याला पाच वाजता द्यायचंय. मग दहा मोठे फोटो घे, खाली 'आणि इतर' लिही. मी अब्राफीची माफी मागतो." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "तिला हे आवडायचं नाही. पण फ्लेक्सच नाही लागला तर त्याहून वाईट."

माझ्या डोळ्यांसमोर वही होती आणि तिच्यातल्या शेवटच्या ओळीपाशी थांबून हसलेली म्हातारी. मुसळाचं मी सहन केलं असतं. कंबर आज ना उद्या जाणारच आहे. पण मी तिला 'हो' म्हटलं होतं.

मामांनी बाटली उघडली, उभे राहिले, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलासमोर जमिनीवर थेंब थेंब जिन सांडत पूर्वजांना हाका मारल्या. मग बहिणीला. सांगितलं की बाडूनं प्रयत्न केला, यंत्र ऐकत नाही, रागावू नकोस. मी काहीतरी करायचं म्हणून पट्टी बाहेर काढायला गेलो. ती बोटातून सुळकन निसटली. परत धरली, परत निसटली. माशासारखी. मी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. वास घेतला. ऑलिव्हचं तेल.

मी दारात जाऊन हाक मारली. "एल्डर, काल प्रार्थनेत तुम्ही पट्ट्यांना काय लावलंत?"

"अभिषेकाचं तेल," एल्डर आनंदानं म्हणाले. "सोनेरी भागावर बोटानं नीट लावलं. तिन्ही पट्ट्यांना. सोनं होतं, म्हणून तिथंच लावलं."

पोकुवाबाई आठवल्या. परत म्हणा, म्हणाल्या होत्या.

माझ्या प्रिंटरचं तोंड तुंबलं की मी ते स्पिरिटनं पुसतो. स्पिरिट संपलं होतं. मी मामांच्या बाटलीकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं.

"मामा, टोपणभर द्या."

"कुणासाठी?"

"आजीसाठीच. यातनं पुसायचंय."

"देवाच्या तेलावर दारू?" एल्डर दारातून किंचाळायच्या बेतात होते. "बाडू, हा आशीर्वाद पुसणं झालं."

मामांनी काठी आपटली. "एल्डर, तुमचा आशीर्वाद पोचला, आता तो बाजूला सरकू दे. पूर्वजांचं झालंय, थोडी उरलीय." आणि त्यांनी टोपणभर नाही, वाटीभर ओतली. मी अदवोआच्या धुतलेल्या मऊ फडक्यानं एकेक दात पुसला. पट्ट्या सुकेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही, मामांनी मात्र वाटीतला उरलेला घोट घेतला. पट्ट्या बसवल्या. पत्र्याला हात लावला, दोनदा. बटण दाबलं.

एकच छोटं 'पीं'. आणि पडदा निळा झाला. कोपऱ्यात आकडा: आठ जीबी. मी खुर्ची पुढं ओढली. एल्डर म्हणाले, तेलाचा गुण उशिरा येतो. मामा म्हणाले, जिनचा लगेच येतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

फ्लेक्स उघडला. एकोणिसावा नातू, अरे वा. तिसावा. एक्केचाळिसावा. पतवंडं आली, सगळ्यात धाकटंही आलं. कॉम्प्युटर खरोखर दोन्ही पायांनी पळत होता. मी मुलांच्या ओळीत शेवटचं तोंड बसवलं आणि मामांना तपासायला बोलावलं. मामांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक चेहरा वाचला. मुलांच्या ओळीच्या टोकाला बोट थांबलं. घराण्याच्या प्रमुखानं नको म्हटलं की विषय संपतो.

"हे तिनंच सांगितलं?"

मी वही दाखवली. खाली आजीचा अंगठा होता.

मामांनी चष्मा काढून पुसला. "मग असू दे. कान तेवढे जरा लहान कर."

मी माउस हलवला, आणि लाइट गेली.

अख्ख्या बांटामातून एक लांब सुस्कारा निघाला, लाइट गेली की निघतो तसा. काम साठवलेलं होतं म्हणून वाचलो, पण फाइल बाहेर काढायची बाकी होती आणि साडेतीन वाजले होते. चौकशी केली तर कळलं, रात्रीपर्यंत येत नाही. मी डोकं धरून उंबऱ्यावर बसलो. समोर टाकी, हातात वाळलेलं मुसळ.

"झालं का सगळं?" त्यानं विचारलं.

"झालंय. आत अडकलंय. पाव तासाची वीज हवी होती."

टाकीनं मुसळ भिंतीला लावलं आणि निघून गेला. वीस मिनिटांनी हातगाडीवर ट्रकची बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन घामाघूम होऊन परत आला.

"मास्टर," मी म्हणालो, "तू हरशील."

"पैज पैजेच्या जागी. म्हातारीचं काम थांबता कामा नये. सरक, वायर जोडू दे."

तो आत आला तेव्हा मी पडदा भिंतीकडं फिरवून ठेवला होता. त्यानं वाकून बघायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, मयताचा फ्लेक्स लागायच्या आधी पाहिला तर डोळे येतात. असलं काही नसतं, पण एल्डरनी मान डोलावल्यामुळं त्याला पटलं. पाच वाजायला दहा मिनिटं असताना फाइल छापखान्यात पोचली. कानांना हात लावायला मात्र मला वेळ मिळाला नाही.

शुक्रवारी चार वाजता फाटकावर फ्लेक्स चढला. बारा फूट बाय आठ. मधे अब्राफी आजी, तिचे स्वतःचेच दात ठेवून. मी त्यांना हात लावला नव्हता, ते तिला शोभत होते. अंगणात उखळ मांडलेलं, उकडलेला कसावा आणि कच्च्या केळ्यांची पातेली वाफाळत होती, अकरा खोल्या भांडी घेऊन हजर. अदवोआनं आपलं फुलाफुलांचं फडकं खांद्यावर तयार ठेवलं होतं. कुणाला लागेल ते अजून तिला कळलं नव्हतं.

टाकी फ्लेक्सखाली उभा राहिला आणि मोठ्यानं मोजायला लागला, कारण त्याला खात्री होती की मी बासष्टचे त्रेसष्ट केलेत. "पतवंडं तेरा. बरोबर. नातवंडं... एक्केचाळीस. बरोबर. मुलं. पाच, सहा, सात, आठ..."

बोट पुढं गेलं आणि हवेत राहिलं. मुलांच्या ओळीत, आठव्या मुलीच्या शेजारी, नववं तोंड होतं. गेल्या वर्षी त्याच्या लायसन्ससाठी मीच काढलेला फोटो. खाली नाव: टाकी. आणि दोन्ही कान पूर्ण आकारात, फ्लेक्सच्या कडेला टेकलेले.

मी वही त्याच्यापुढं धरली. आजीनं सांगितल्याबरहुकूम मी लिहिलेली शेवटची ओळ त्यानं ओठ हलवत वाचली: 'दर मंगळवारी हा मला दवाखान्यात नेतो. दर वेळी वेगळ्या माणसाच्या गाडीतून. नर्सना वाटतं मी फार मोठी बाई आहे. याला मुलांच्या ओळीत लिही.'

"म्हणजे ट्रायल..." पहिल्या खोलीतली बाई म्हणाली.

"मंगळवारी तूच म्हणालास," मी म्हटलं, "शेवटचा काढ, त्याला स्वतःलासुद्धा कळायचं नाही."

टाकीनं नाक ओढलं. "मी आवारातला आहे, घराण्यातला नाही. हे धरता येत नाही. बासष्टच होतात." असं म्हणाला खरा, पण मग त्यानं वर बघितलं. हे तोंड धरलं नाही तर तो जिंकत होता. नुसतं एवढंच म्हणायचं होतं की हा माणूस तिचा कुणी नाही. क्वार्टेंग मामा काठीवर हात ठेवून बघत होते, आणि अख्खं आवार बघत होतं.

"वहिनी," टाकी अदवोआला म्हणाला, "ते फडकं द्या इकडं."

तिनं स्वतः बांधलं. कानांवरून गाठ बसेना, म्हणून मागून बांधलं. आमच्या पैजेत 'बायकोचं' असं ठरलं होतं, कुणाच्या बायकोचं ते ठरलं नव्हतं. टाकीनं मुसळ उचललं आणि फ्लेक्सखाली, गल्लीच्या डोळ्यांदेखत, पहिला घाव घातला. अदवोआ गोळा उलटायला बसली. म्हणाली, याच्या हाताखाली मला बोटांची भीती नाही. हे मला उद्देशून होतं.

तिसऱ्या खोलीचं फुफू होईपर्यंत तो घामानं निथळत होता आणि मला शिव्या देत होता. सातव्या खोलीपर्यंत गल्ली फाटकात जमली होती. दर नव्या माणसाला तो मुसळ थांबवून वर बोट दाखवत होता. "ते बघितलं का? नववा. मीच."

"कान मोठे आलेत," कुणीतरी म्हणालं.

"असू देत," टाकी म्हणाला, आणि मुसळ परत उचललं.